लाथ मारण्याआधी पोटरी मोजावी

यंदाच्या दिवाळीच्या वहीत माझी पानं असतील, असं आमच्या बैठकीतल्या मंडळींनी मला न विचारताच ठरवून टाकलं. विषयही त्यांनीच दिला : दवाखान्यातल्या गमती. दवाखान्यात गमती नसतात, माणसं कण्हत असतात, असं मी सांगून पाहिलं. मग कण्हण्याचं लिहा, म्हणाले. तेव्हा पोटरीबद्दल लिहितो. वीसेक वर्षं मी हे काम केलं, पण पोटरीने मला जेवढं छळलं आणि जेवढं खोटं बोलायला लावलं, तेवढं दुसऱ्या कुठल्याच अवयवाने नाही.

पोर्ट लुईत नोकऱ्या करणाऱ्या तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. उसाच्या प्रत्येक मोठ्या कोठीला, म्हणजे मळा आणि साखर कारखाना मिळून जी वसाहत असते तिला, दवाखाना ठेवावा लागतो. आमची कोठी फिनिक्सच्या अलीकडे होती. दवाखाना म्हणजे एक लांब खोली, आठ लाकडी बाजा आणि बाटल्यांचं एक कपाट. दोक्तेर मोकाहून आठवड्यातून एकदा घोड्यावर यायचा, सगळ्यांच्या जिभा बघायचा आणि जायचा. उरलेले सहा दिवस दवाखाना म्हणजे मी. आलो होतो या बेटावर मजुरीच्या कराराने ऊस तोडायला. पण गावी पंतोजींकडे थोडी मोडी शिकलो होतो, हे कोठीच्या मुस्यूला, म्हणजे गोऱ्या साहेबाला, कळलं. लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणून त्याने मला कपाटासमोर उभं केलं. बाटल्यांवरची अक्षरं सगळी फ्रेंच होती. पहिलं वर्षभर मी बाटल्या वासावरून ओळखत होतो.

ताप हाताला लागतो, जखम डोळ्यांना दिसते. पोटरी मात्र बाहेरून जशीच्या तशी दिसते आणि आत माणूस मरणाच्या गोष्टी करत असतो. त्यात आमचं काम असं, की शेतातले काळे दगड वेचून त्यांचे ढीग रचायचे, खड्डे खणायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन चढ चढायचा. सगळा भार पोटरीवर. म्हणून दवाखान्याच्या दारात दर सकाळी दोन-तीन माणसं लंगडत उभी असत आणि त्यांच्यामागे मुस्यू उभा असे. त्याचं निदान एकच होतं : "ली मांती." खोटं बोलतोय. ही क्रियोल तेव्हा कोठीवरच्या तान्ह्या मुलांनाही कळत होती.

वांब आलेल्या माणसावर तर त्याचा खास राग. वांब म्हणजे पोटरीत गोळा येऊन ती दगडासारखी घट्ट होते. दिवसभर उन्हात घाम गाळून नुसतं पाणी प्यायलेल्याला बहुधा येते. अंगठा धरून पाऊल नडगीकडे ओढायचं, गोळा विरेपर्यंत धरून ठेवायचं, मग मीठ घालून पेज द्यायची. घटकाभरात माणूस चालू लागतो. मुस्यूचं म्हणणं, जे दुखणं घटकाभरात जातं ते मुळात नव्हतंच. एका तोडणीच्या दिवसांत, भर दुपारी, हाच मुस्यू घोड्यावर बसून आम्हाला शिव्या देत असताना त्याच्या स्वतःच्या पोटरीत वांब आली. गुडघ्यापर्यंत घट्ट बूट, त्यात पाय, रिकिबीत पाऊल. त्याला उतरताही येईना आणि बसताही येईना. तो घोड्याच्या एका अंगाला लोंबकळत "मामां, मामां" करत ओरडू लागला. घोडा सवयीने पुढे चालत राहिला. चाळीस माणसं कोयते टेकवून शांतपणे बघत होती आणि त्यांतला एक जण अगदी विचार करून म्हणाला, "ली मांती." मी धावत जाऊन बुटासकट त्याचं पाऊल वर दाबलं. त्या दिवसापासून वांब हा रोग आमच्या कोठीवर अधिकृत झाला.

आता भिकाजी सरदाराची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे. भिकाजी आमच्या मराठी टोळीचा मुकादम, कोठीवर त्याला सरदार म्हणतात. आडदांड, प्रेमळ आणि पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खावी, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. भिकाजी हे काम धर्म म्हणून करी. रविवारी सकाळी आंघोळ करून तो अंगणात उभा राही आणि कंबर धरलेली माणसं रांगेने येऊन त्याच्याकडे पाठ करत. दवाखान्यापेक्षा त्याची रांग मोठी असे, हे मला आवडत नसे, ते कबूल करतो. गडगडाट सुरू झाला, की मात्र हीच माणसं त्याच्यापासून लांब पळत, कारण वीज पायाळूला शोधत येते म्हणे.

एके दिवशी रावजी नावाचा गडी दगडांच्या ढिगावरून खाली उडी मारायला गेला आणि किंचाळून पडला. कोणीतरी मागून पोटरीत लाथ घातली, असं त्याचं म्हणणं. मागे उभा होता भिकाजी. झालं. संध्याकाळी अख्ख्या कांपाने, म्हणजे आमच्या वस्तीने, पंचायत भरवली. आपल्यावर आळ आला याहून भिकाजीला दुसऱ्याच गोष्टीचं दुःख होतं. "म्या लाथ मारायची तर कंबरंत मारंन," तो पंचांना म्हणाला. "पोटरीत कोन मारतं? मला काय काम येत न्हाय व्हय?"

पंचांनी बराच खल करून तोड काढली. रावजीला पाठमोरा उभा करायचा, टोळीतल्या प्रत्येकाने दुसऱ्या पोटरीवर हलकी लाथ मारायची आणि रावजीने ओळखायचं. मी पोचलो तोवर एकोणीस लाथा झाल्या होत्या. रावजीने छातीठोकपणे ज्याची लाथ ओळखली, तो माणूस त्या दिवशी सकाळपासून पोर्ट लुईला गेला होता आणि नुकताच परतला होता. त्याच्याकडे कोठीबाहेर जायचा पास होता आणि पासावर शिक्का होता. तरी दोन पंच म्हणाले, शिक्क्याचं काय सांगावं.

मी रावजीला दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. जमेना. पोटरीच्या मधोमध बोट ठेवलं तर खळगा लागला. दोन दिवसांनी निळा डाग उतरत घोट्यापर्यंत आला. दोक्तेरने पाहिलं आणि हसून सांगितलं, की पोटरीचं मांस आतून फाटतं तेव्हा माणसाला हटकून वाटतं की कोणीतरी मागून मारलं. त्याच्याकडे एका पाद्रीने याच कारणासाठी आपल्या स्वयंपाक्याला काढून टाकलं होतं. अशा पायाला पहिले काही दिवस तेल नको, चोळणं नको. गार पाण्याची घडी, पट्टी, पाय उंच आणि आराम. चवड्यावर अजिबात उभं राहता येत नसेल, तर दोक्तेरला दाखवायचंच. मी हे सगळं पंचांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि ज्याअर्थी लाथ कोणीच मारली नाही त्याअर्थी ती सरदाराची जबाबदारी, असा निकाल देऊन भिकाजीला माफी मागायला लावली. त्याने मागितलीही.

अजून एक म्हातारा होता, चिलीम कधी खाली न ठेवणारा. चालताना दर दहा घरांनंतर थांबून त्या घरच्यांची चौकशी करायचा. किती मायाळू माणूस, म्हणत असू. खरं कारण असं, की तेवढं चाललं की त्याच्या पोटऱ्या भरून येत आणि उभं राहिलं की दुखणं जाई. एकदा त्याच्या बायकोने सहज पायाला हात लावला तर बोटं थंडगार. असं असेल तर रक्त पायात नीट पोचत नाही, आणि मायाळूपणाचं कौतुक करत न बसता दोक्तेरला गाठावं.

आता सखूबद्दल. हे मी वगळणार होतो. सखू बाळंत झाली आणि तापाने बरेच दिवस अंथरुणावर राहिली. तिचा डावा पाय सुजला. एकच पाय, पांढरा, तकतकीत, हाताला गरम. मला वाटलं, पडून पडून आखडला. माझी आई चोळायची तसं गरम तेल लावून मी तिच्या सासूला तीन दिवस तिची पोटरी दाबून चोळायला लावली. वर स्वतः शेजारी उभा राहून, अजून जोराने, असं म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी सखू पाणी घ्यायला उठली, छातीवर हात ठेवला, "दादा, दम लागतोय," म्हणाली आणि खाली बसली ती गेलीच. दोक्तेरने नंतर मला सांगितलं, की अशा पायात रक्त गोठलेलं असतं, चोळलं की त्याचा तुकडा सुटून वर छातीत जाऊ शकतो. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तिची तान्ही मुलगी पुढे तिच्या मावशीने वाढवली आणि त्या घरावरून जाताना मी कधीही मान वर करू शकलो नाही.

तेव्हापासून मी खिशात सुतळीचा तुकडा बाळगू लागलो. पोटरी दुखते म्हणून कोणी आला, की दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच जागी मोजायचा. सारखा असेल तर वांब, लचक, थकवा, काहीही चालेल. एक पोटरी बोटभर जास्त भरली, त्यातून ती गरम, लाल आणि माणूस आधी बरेच दिवस पडून असलेला, तर हात लावायचा नाही, झोपवून पाय उशीवर ठेवायचा, दोक्तेरला निरोप धाडायचा. दम लागत असेल तर घोडा धाडायचा. मला लोक पाठीमागे शिंपी म्हणू लागले.

दोन वर्षांनी भिकाजी सरदार तापाने पडला. तीन आठवडे दवाखान्यातल्या बाजेवर होता. ताप उतरला आणि उजवी पोटरी सुजली. सुतळी लावली. दोन बोटं जास्त. दोक्तेरला निरोप धाडला, पण तो साखर कारखान्याच्या एका मोठ्या मालकाच्या घरी दूर गेला होता, तीन दिवसांनी येणार होता. इकडे कांपात एकच चर्चा : सरदाराने आयुष्यभर सगळ्यांना बरं केलं, आता सरदाराला लाथ कोण मारणार?

मी दारात आडवा उभा राहून सांगितलं, की ह्या पायाला लाथ नाही आणि तेल नाही, नाहीतर माणूस जाईल. लोकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी समजलो. सखूच्या वेळी चोळा म्हणणारा हाच आणि आज नको म्हणणाराही हाच. भिकाजीचा मेव्हणा तर तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवूनच बसला होता. शेवटी भिकाजीनेच मार्ग काढला. आपल्या पायाला साध्या माणसाची लाथ लागू पडणार नाही, तो म्हणाला, पायाळूला पायाळूच पाहिजे. उत्तरेला प्लेन दे पपाय गावी एक असल्याचं कोणाच्या तरी कानावर होतं. तो येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

कोठीबाहेर जायला पास लागे आणि पासावर कारण लागे. कारकुनाने कारण विचारलं. आमच्या माणसांनी खरं ते सांगितलं. कारकुनाने दोनदा लिहून दोनदा खोडलं आणि शेवटी "औषध आणण्यास" असं घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडी परत आली. सगळा कांप रस्त्यावर. गाडीतून येसू नावाची एक बाई उतरली आणि तिच्या कडेवर औषध होतं : आठ महिन्यांची मुलगी, चंद्री. प्लेन दे पपायचा पायाळू म्हणजे हीच.

येसूने मुलीला भिकाजीसमोर धरलं. त्याने तिची पावलं हातात घेऊन जाणकाराच्या नजरेने पाहिली. "वय लहान हाय," तो म्हणाला, "पर पाय चांगला हाय." मेव्हण्याचं समाधान झालं नाही. एवढ्याशा पावलाने काय होणार, वर तेल चोळायला लागेल, असं म्हणत त्याने वाटी पुढे आणली. लोकही माना डोलवू लागले. माझ्याकडे दोक्तेर नव्हता, अधिकार नव्हता आणि माझ्या शब्दाला सखूच्या दिवसापासून किंमत नव्हती. तेव्हा मी खोटं बोललो.

मी म्हणालो, तान्ह्या पायाळूची लाथ वेगळी असते. ती दुखऱ्या पायाला नाही, चांगल्या पायाला मारायची. आणि एकदा मारली की एकवीस दिवस दुखऱ्या पायाला तेल, हात, जमीन काही लागता कामा नये. लागलं तर लाथ उलटते. "कोणावर उलटते?" मेव्हण्याने विचारलं. मी लेकराकडे नुसतं बघितलं.

येसूने वाटी त्याच्या हातून हिसकावून अंगणात ओतली.

चंद्रीने भिकाजीच्या डाव्या पायाला तीनदा लाथ मारली आणि चौथ्यांदा त्याच्या धोतरावर मुतली. तोही शुभशकुन ठरला. मग येसू लेकीला घेऊन दवाखान्याच्या दारात ठाण मांडून बसली ती एकवीस दिवस. तिचा करार संपलेला होता, घरी भाजीचा मळा होता. तो नवऱ्याच्या भरवशावर टाकून ती माझी पहारेकरीण झाली. भिकाजीची बायको आली तर तिलाही आधी हाताला तेल नाही हे दाखवून आत जावं लागे. खुद्द भिकाजी तर लेकराच्या काळजीने लाकडासारखा पडून राहिला. नवव्या दिवशी चंद्रीला पडसं झालं आणि सगळा कांप दवाखान्यावर चालून आला, सरदाराने पाय हलवला म्हणून. भिकाजी रडकुंडीला येऊन शपथा घेत होता की फक्त अंगठा हलला, तोही झोपेत. दोक्तेर आला तेव्हा त्याने माझं कौतुक केलं, पाय उंच, हात नाही, उत्तम. दारात बसलेली बाई कोण, विचारलं. मी सांगितलं, नवी परिचारिका. त्याने तिला टोपी काढून नमस्कार केला.

भिकाजी बरा झाला. पुढे पंधरा वर्षं लाथा मारत जगला. आणि तिथेच माझी झोप उडाली, कारण चंद्रीचं नाव चारी दिशांना झालं. गाड्या भरभरून लोक प्लेन दे पपायला जाऊ लागले, उसणीचे आणि पोटरीचेही. एक बाई सुजलेला पाय घेऊन आधी तिकडे गेली, मग चार दिवसांनी आमच्याकडे आली तेव्हा तिला धाप लागलेली होती. ती वाचली, पण माझ्या पुण्याईने नाही. ज्या खोट्याने एक माणूस वाचवला तेच आता माणसं दवाखान्यापासून लांब नेत होतं.

मी पास काढला आणि येसूच्या अंगणात जाऊन सगळं खरं सांगितलं. उलटणाऱ्या लाथेसकट. ती बराच वेळ वांगी तोडत राहिली.

"एकवीस दीस," ती म्हणाली. "माजी पोर शिंकली तरी माज्या काळजात धस्स व्हायाचं. मोवे दिमून, दादा. वाईट मानूस तुमी."

मी मान खाली घातली. आता लाथ बंद करावी, असं हळूच सुचवलं.

"बंद केली तर ते लोक तुमच्याकडं येतील वाटतं का?" येसू म्हणाली. "तेल चोळनाऱ्याकडं जातील. ती सुतळी द्या हिकडं. कशी लावायची दावा."

मी दाखवलं. त्या दिवसापासून प्लेन दे पपायचा नियम झाला : आधी पोटऱ्या मोजायच्या. सारख्या असतील तर लाथ. एक जास्त असेल तर येसू सांगे, आज पाय लागत नाही, चोळू नका, तसेच गाडीतून दवाखान्यात जा. लोक माझं ऐकत नसत, पण लाथ नाकारली गेली म्हटलं की घाबरून थेट दोक्तेरकडे जात. मी औषधं देऊन जितकी माणसं वाचवली असतील, त्याहून जास्त त्या मुलीने लाथ न मारून वाचवली. हे लिहिताना जरा जड जातं, पण खरं आहे.

गेल्या महिन्यात मला ताप आला, पंधरा दिवस पडून होतो. उठलो तर डावी पोटरी ठणकत होती. वांब असेल, वय झालं, असं मी मला सांगितलं. दवाखान्यात जायची लाज वाटली. तिथे आता माझ्या जागी दुसरा माणूस आहे आणि तो स्वतःला फार हुशार समजतो. भाच्याच्या गाडीतून सहज म्हणून प्लेन दे पपायला गेलो. येसू आता थकली आहे. चंद्री सतरा वर्षांची झाली आहे, तिचं लग्नही झालं आहे, सुतळी आता तीच धरते. मी पाय पुढे केला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहिलो. तिने एक पोटरी मोजली, दुसरी मोजली, पुन्हा पहिली मोजली.

"दीड बोट जास्त हाय, दादा."

मी म्हणालो, अगं, सुतळी ताणली जाते, हा नियम मीच केलाय, मला माहीत आहे.

"मंग तुमाला तर कळाया पायजे व्हतं," चंद्री म्हणाली.

निदान चांगल्या पायाला एक मार, छोटीशी, म्हणून मी अक्षरशः विनवण्या केल्या. तिने ऐकलं नाही. मला एक पाऊलही चालू न देता तिने आपल्या नवऱ्याकडून उचलून गाडीत ठेववलं, पायाखाली गवताची पोती रचली आणि गाडीवानाला बजावलं, की वाटेत कोणी चोळायला आलं तर चाबूक वापर.

तेव्हा ही पानं मी आमच्याच जुन्या दवाखान्यात, तिसऱ्या बाजेवर, डावा पाय उंच ठेवून लिहिली आहेत. आज बारावा दिवस. माझ्या जागी आलेला माणूस रोज सकाळी मी मागे ठेवलेल्या दुसऱ्या सुतळीने माझी पोटरी मोजतो आणि आकडा लिहून जातो. मला फार भीती वाटते, रात्रंदिवस छातीकडे लक्ष असतं. काल सूज अर्ध्या बोटावर आली. आज चंद्रीचा निरोप आला : दोन्ही पोटऱ्या सारख्या झाल्या की या, तुमची लाथ राखून ठेवली आहे.